कागदी फीत, प्लॅस्टिकची फीत

पंजाबरावांचा घसा दिवाळीत बसला. आधी वाटलं, कापूस वेचणीच्या दिवसांतली धूळ असेल. मग संक्रांत गेली तरी आवाज मोकळा होईना. नागपूरच्या डॉक्टरनं आरसा घालून घसा पाहिला आणि मुंबईला पाठवलं. मुंबईत कळलं की आत गाठ आहे, ती काढावी लागेल, आणि तिच्यासोबत आवाजाची पेटीही जाईल. जीव वाचण्याची आशा होती. बोलणं मात्र जाणार होतं.

"होळी होऊ द्या," पंजाबराव डॉक्टरांना म्हणाले. "मंग येतो."

बार्शीटाकळीच्या आसपासच्या गावांत पंजाबराव भजनासाठी ओळखले जात. काळ्या जमिनीचे धनी, अंगानं उंच, घरात मोजकं बोलणारे. पण एकतारी हातात आली की हा माणूस दुसराच व्हायचा. त्यांच्या मागं झील धरायला नत्थुजी बसत. झील म्हणजे पुढच्या गायकानं ओळ सोडली की ती उचलून वरच्या सुरात न्यायची. नत्थुजींनी उभ्या आयुष्यात एकट्यानं एक भजन म्हटलं नव्हतं. त्यांना पूर्ण भजन यायचंही नाही, नुसती ध्रुपदं यायची.

हे दोघं शिमग्याच्या आधी अकोल्याला केशवरावांच्या दुकानी आले.

केशवराव मूळचे बार्शीटाकळीचेच. त्यांच्या भावांचा फुलांचा मळा पंजाबरावांच्या वावराला लागून होता. झेंडू, शेवंती आणि गुलाब यांत केशवरावांचं मन कधी रमलं नाही. ते तरुणपणीच अकोल्याला आले, ग्रामोफोन दुरुस्त करायला शिकले, मग रेडिओ. ताजनापेठेत त्यांचं दुकान होतं आणि दुकानामागच्या खोलीत संसार. म्हणजे एक खाट, एक स्टोव्ह. बायको लग्नानंतर लवकरच गेली होती. दुसरं लग्न करा म्हणणारेही आता थकले होते. लोक दुकानात यायचे ते काही बिघडलं म्हणून. दुरुस्त झालं की घेऊन जायचे.

त्यांच्याकडे एक यंत्र होतं, जे त्या वेळी साऱ्या वऱ्हाडात क्वचितच कुणी पाहिलं असेल. कापूस खरेदीला आलेला एक अमेरिकन साहेब मायदेशी परतताना ते त्यांच्याकडे टाकून गेला होता. त्यात फीत फिरायची आणि तिच्यावर आवाज उतरायचा. इथल्या विजेवर ते चालेना, म्हणून केशवरावांनी हातानं तारा गुंडाळून त्याच्यासाठी ट्रान्सफॉर्मर बनवला होता. सोबत फितींची रिळंही होती. बहुतेक कागदी, तपकिरी भुकटी लावलेली. दोनच रिळं प्लॅस्टिकची होती, कोरी. मुंबईच्या ओळखीच्या व्यापाऱ्याला विचारून झालं होतं. तसली आणखी कुठं मिळत नव्हती.

संध्याकाळी दुकान बंद करायच्या आधी केशवराव कधी कधी यंत्र सुरू करून बाजाराचा आवाज उतरवून घेत. टांग्याच्या घंट्या, भाजीवाल्यांची ओरड, कुणीतरी कुणाला मारलेली हाक. मग आतल्या खोलीत भाकर खाताना ते लावत. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

"केशव," पंजाबराव खुर्चीत बसत म्हणाले. आवाज असा की ओल्या गोणपाटावर कुणी खरारा फिरवावा. "तुह्या या मशिनीत माणसाचा आवाज राहते म्हनते."

"राहते, दादा."

"मंग माहा ठेव. होळीनंतर मी मुका होऊन राहिलो."

 नत्थुजी दाराकडे तोंड करून उभे होते.

दुसऱ्या दिवशी केशवरावांनी कागदी आणि प्लॅस्टिकची, अशा दोन्ही तऱ्हेच्या फिती तपासायला घेतल्या. संधी एकच होती. पंजाबरावांचा घसा एखादा तास चालला तर चालायचा, नंतर दोन दिवस शब्द फुटत नसे. तेव्हा त्यांनी पंजाबरावांकडून एकच कडवं दोनदा म्हणवून घेतलं, एकदा कागदी फितीवर, एकदा प्लॅस्टिकच्या एका रिळाच्या सुरुवातीला थोडंसं. मग तिघं ऐकायला बसले.

कागदी फीत आधी लावली. तिच्यात एक सुर्र असा आवाज सतत चालायचा, चुलीवर पाणी ठेवल्यासारखा. त्या आवाजाआडून पंजाबराव गात होते, जरा लांबून, जरा मऊ. घशाची खरखर त्या सुर्रमध्ये विरून गेली होती. दोन वर्षांमागच्या सप्ताहात गायले होते तसेच वाटत होते.

पंजाबरावांचे डोळे भरले. "हाव," ते म्हणाले. "हा मी हावो."

मग प्लॅस्टिकची लावली. ती फीत गुळगुळीत, पातळ, उजेडात धरली तर आरपार लाली दिसणारी. तिच्यात सुर्र जवळपास नव्हतीच. पंजाबराव अगदी समोर येऊन बसले. श्वास घेतलेला ऐकू आला. एकतारीच्या तारेवर नख घासलेलं ऐकू आलं. ओळीच्या शेवटी आवाज फाटला, तो फाटलेलाच ऐकू आला. आणि मागून नत्थुजींची झील, जी कागदावर धुरासारखी होती, ती इथं स्वच्छ उठली.

पंजाबराव उठून बाहेर ओट्यावर जाऊन उभे राहिले.

नत्थुजी मात्र यंत्राकडे पाहत राहिले. "मी असा आहो काय?" त्यांनी विचारलं. "मले वाटे मी निरा बेसूर आहो."

"बेसूर काहून असान?"

"कोनी कवा सांगतलंच नाही."

त्या आठवड्यात केशवरावांनी दोन्ही फितींचे तुकडे दुकानाच्या टिनाच्या छपरावर दगडाखाली ठेवले. उन्हाळा लागला होता. कागदाचा तुकडा पिवळसर पडला, बस. प्लॅस्टिकचा तुकडा कडेनं वळला, आणि बोटावर गुंडाळायला गेले तर कट्कन तुटला. म्हणजे वऱ्हाडातल्या उन्हात टिकायचं तर कागद बरा होता. पंजाबरावांनाही कागदच हवा होता. कागदी रिळं भरपूर होती, एक खराब झालं तर दुसरं लावता आलं असतं. सगळं कागदाच्या बाजूनं होतं.

तरी केशवरावांचं मन मानेना. रोज संध्याकाळी ते दोन्ही कडवी ऐकत. कागदी फितीवरचा माणूस छान गात होता, पण तो कुठंतरी गेलेला होता. दुसऱ्या फितीवरचा माणूस आजारी होता आणि खोलीत होता. जेवताना केशवराव ही दुसरीच फीत लावू लागले होते.

पंजाबराव आणि नत्थुजी ठरलेल्या दिवशी आले तेव्हा केशवरावांनी प्लॅस्टिकचं तेच रीळ यंत्रावर चढवलेलं होतं.

"हे कोनतं?" पंजाबरावांनी विचारलं.

"प्लॅस्टिकचं."

"काहून? मी तं कागदाचं म्हनलो होतो."

"दादा, कागदावर तुमचं गानं येते. तुमी येत नाही."

पंजाबरावांनी त्या चकत्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "मंग तेच लाव. पन मी आयकनार नाही."

कापसातली सरकी काढायची जीन त्या दिवशी बंद असल्यानं वीज स्थिर होती. दुकानाची दारं लोटून घेतली, भिंतींना गोधड्या टांगल्या. पंजाबराव गायले. मधे मधे थांबून पाणी प्यायले, थुंकले, पुन्हा गायले. एक भजन अर्ध्यात सोडावं लागलं. शेवटच्या भजनात वरचा सूर लागेना, तेव्हा त्यांनी हात वर केला आणि ती जागा नत्थुजींनी घेतली. रीळ संपलं, फितीचं टोक फटफट वाजायला लागलं आणि केशवरावांनी यंत्र बंद केलं.  बाहेर शिमग्याची पोरं डबे वाजवत चालली होती.

"दे," पंजाबरावांनी हात पुढं केला. "माह्या घरी राहील."

"दादा, गावात वीज नाही. वाजवान कशावर? आन् उन्हात हे फीत…"

"माहा आवाज हाये. माह्या घरी राहील."

केशवरावांनी रीळ पत्र्याच्या डब्यात घालून दिलं. थंड जागी ठेवा, रांजणाजवळ ठेवा, असं दोनदोनदा सांगितलं.

*

ऑपरेशन झालं. पंजाबराव परतले ते गळ्याला पांढरा दुपट्टा गुंडाळून. गळ्यालाच भोक होतं, श्वास तिथून चालायचा. भजनी मंडळ एकदोनदा बसलं, पण पुढं कोण म्हणणार? नत्थुजींना ध्रुपदांशिवाय काही येत नव्हतं. हळूहळू एकतारी खुंटीवर गेली.

ज्येष्ठात एका दुपारी पंजाबराव एकटेच केशवरावांच्या दुकानात आले. बियाण्यासाठी अकोल्याला आले असावेत. खुर्चीत बसले. त्यांच्याजवळ पाटी होती, पण ती त्यांनी पिशवीतून काढली नाही.

केशवराव बोलत सुटले. पाऊस कधी लागेल, कोणत्या गावात रेडिओ आला, सरकीचा भाव काय. एवढं बोलणं त्यांच्या तोंडून वर्षात निघत नसे. आपण एका मुक्या माणसापुढं दोघांचं बोलून राहिलो हे मधेच ध्यानात आलं आणि ते लाजून गप्प झाले. दुपट्ट्याआडून येणारा श्वास तेवढा ऐकू येत राहिला.

मग पंजाबरावांनी यंत्राकडे बोट केलं.

"तुमचं रीळ तं तुमच्या घरी हाये, दादा. माह्याजवळ फक्त ते कागदाचं कडवं हाये. पारखायसाठी घेतलं होतं ते."

पंजाबरावांनी मान डोलावली. तेच लाव.

केशवरावांनी लावलं. ती सुर्र सुरू झाली आणि तिच्याआडून जुना, मऊ आवाज आला. पंजाबरावांची बोटं गुडघ्यावर ठेका धरू लागली. कडवं संपलं. त्यांनी बोटानं खूण केली, पुन्हा. केशवरावांनी पुन्हा लावलं. असं ऊन उतरेपर्यंत चाललं. जाताना पंजाबरावांनी केशवरावांच्या खांद्यावर हात ठेवला, काढला, आणि मोटारस्टँडच्या वाटेला लागले.

केशवराव दारात उभे राहिले. त्यांना वाटलं, आपण चूक केली. ज्याचा आवाज, त्याला हवी होती ती फीत आपण दिली नाही. आपल्याला जेवताना खोलीत कुणीतरी हवं होतं म्हणून आपण ती दुसरी निवडली. पंजाबराव पुन्हा आले की सगळी कागदी रिळं त्यांच्यापुढं ठेवायची, असं त्यांनी ठरवलं. पण ठेवून काय? गाणारा आवाज आता कुठं होता?

पंजाबराव पुन्हा आले नाहीत. गाठ परत उठली आणि भादव्यात ते गेले. केशवरावांना कळलं तेव्हा तेरवी होऊन गेली होती.

*

दिवाळीनंतर नत्थुजी अकोल्याला आले. दुर्गावहिनी, म्हणजे पंजाबरावांची बायको, अमरावतीला लेकीकडे राहायला गेल्या होत्या. लेक माणिकबाईच्या घरी वीज होती. "बाईनं मशीन घेऊन बलावलं तुमाले," नत्थुजी म्हणाले. "रीळ तिच्यापाशी हाये."

"तुमी चालता काय सोबत?"

"नाही बाप्पा," नत्थुजी म्हणाले. "तो गाईन आन् मी इकडे नुसता बसून राहू? मले नाही जमनार."

केशवराव यंत्र घेऊन गाडीत बसले, बडनेऱ्याला उतरून दुसऱ्या गाडीनं अमरावतीला गेले. घर अंबादेवीच्या मागच्या गल्लीत होतं. माणिकबाईनं पाणी दिलं आणि ती कामाला आत गेली. दुर्गावहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी डबा पुढं केला.

डबा उघडताच केशवरावांना कळलं. तो रांजणाजवळ ठेवलेला नव्हता. सारा उन्हाळा पत्र्याच्या छपराखाली, पेटीत, कपड्यांच्या तळाशी होता. फीत कडेनं वळली होती आणि आंबूस वास येत होता.

"वैनी, हे तुटन."

"लावा."

लावली तशी ती तुटली. केशवरावांनी ब्लेडनं टोकं तिरपी कापली, चिकटपट्टीनं जोडली, पुन्हा लावली. अर्धी ओळ वाजली आणि पुन्हा तुटली. दुर्गावहिनी भिंतीला टेकून बसून होत्या. एक ओळ ऐकायची, थांबायचं, केशवरावांचं जोडणं बघायचं, पुढची ओळ. अशी ती दुपार गेली. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. भजनं त्यांना पाठच होती. बायकांच्या बाजूला, मागं बसून त्यांनी ती जन्मभर ऐकली होती.

दोन भजनांच्या मधे यंत्र चालूच राहिलं होतं. एकतारी खाली ठेवल्याचा आवाज आला. खोकला आला. मग पंजाबराव, अगदी हळू, स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "दुर्गा, पानी आन."

आणि नत्थुजींचा आवाज, "घ्या, हे घ्या पानी."

दुर्गावहिनी भिंतीपासून सरळ झाल्या. "काय म्हनलं?"

केशवरावांनी यंत्र थांबवलं. उतरवताना त्यांना हे ऐकूच आलं नव्हतं.

"मी तं तवा गावाले होती," त्या म्हणाल्या.

"हाव. तिथं आमी तिघंच होतो."

"पुन्ना लावा."

पुन्हा लावलं. दुर्गा, पानी आन. दुर्गावहिनींनी पदर तोंडाला लावला.  "भाऊ, माह्या सासूसमोर ते मले 'अवो' म्हनत. सासू गेली तरी 'अवो'च. मंग माणिक झाली तं 'माणकीची माय'. माहं नाव त्यायच्या तोंडून म्या कवा आयकलंच नाही. मले वाटे, याद तरी हाये का नाही."

आतून माणिकबाईच्या भांड्यांचा आवाज येत होता. केशवराव हातातलं ब्लेड पुसत राहिले.

यंत्र त्यांनी तिथंच ठेवलं. अकोल्यात त्याचं काय अडलं होतं? महिन्यातून एखाद्या रविवारी ते अमरावतीला जाऊ लागले. भजन आता कुणी लावायला सांगत नसे. ती मधलीच जागा लावायची. दुसरं यंत्र असतं तर तेवढा तुकडा नव्या फितीवर उतरवून घेता आला असता, पण दुसरं यंत्र कुठून आणणार? दर खेपेला फीत तुटे, केशवराव जोडत. दर जोडणीत बोटाच्या पेराएवढी फीत जाई. आधी खोकला गेला. मग एकतारी ठेवल्याचा आवाज गेला. कागदाची फीत असती तर हे तुटलं नसतं. पण कागदावर ते ऐकूच आलं नसतं, हेही केशवरावांना माहीत होतं.

दुर्गावहिनी त्यांना जेवायला वाढत. जेवताना केशवराव जरा बोलत, त्या जरा बोलत. माणिकबाईची पोरं यंत्राभोवती उकिडवी बसत.

संक्रांतीच्या सुमारास फीत नेमकी नावावरच तुटली. केशवरावांनी जमेल तेवढी बारीक जोडली. श्वास धरून बटण दाबलं. "…र्गा, पानी आन," असं वाजलं.



"राहू द्या आता," दुर्गावहिनी म्हणाल्या. "आयकून झालं माहं."

"वैनी, पुन्ना करून पाहतो…"

"नको. उरलं तेबी जाईन." त्यांनी रीळ हातात घेतलं, डब्यात घातलं. मग म्हणाल्या, "मशीन घेऊन जा भाऊ. पन तुमी येत जा. जेवाले येत जा."

केशवराव त्यानंतर दोनदा गेले. एकदा शेंदूरजनाघाटची संत्री घेऊन गेले. जेवण झालं. पावसाचं बोलून झालं, गुडघ्याचं बोलून झालं, माणिकबाईच्या मोठ्या पोराच्या शाळेचं बोलून झालं. मग माणिकबाईसकट तिघंही दाराबाहेर पाहत बसले. जोडायला काही नव्हतं तेव्हा हातांचं काय करावं हे केशवरावांना कळत नव्हतं, आणि दुर्गावहिनीही उगाच उठून पाणी आणत होत्या. दुसऱ्या खेपेला केशवरावांनी यंत्र उचललं. कुणी थांबा म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. दुर्गावहिनी ओट्यापर्यंत आल्या.

बडनेऱ्याला अकोल्याची गाडी यायला वेळ होता. केशवराव यंत्र पायांशी ठेवून बाकावर बसले. शेजारी एक म्हातारा शेतकरी येऊन टेकला. त्यानं तंबाखू मळली, केशवरावांना विचारली. केशवरावांनी नको म्हणून मान हलवली.

"पेटीत काय हाये, भाऊ?" म्हाताऱ्यानं विचारलं. "शिवायची मशीन?"

केशवरावांनी सांगायला तोंड उघडलं. कुठून सुरुवात करावी ते सुचेना.

"हाव," ते म्हणाले. "शिवायची."

"बरी हाये," म्हातारा म्हणाला, आणि दोघंही रुळांकडे पाहत बसले.